छाप कुणाची, भाव कुणाचा?

मागच्या अंकात पुतळ्यांच्या माळेवर लिहिलं, तर पत्रं आली ती बहुतेक सोन्याच्या सुट्या नाण्यांबद्दल. काहींनी फोटो पाठवले, एका गृहस्थांनी तर रजिस्टर पोस्टाने नाणंच पाठवायची तयारी दाखवली. कृपा करून तसलं काही करू नका. मी कोल्हापुरात एका सहकारी बँकेच्या सोनेतारण कर्जासाठी दागिने तपासण्यात उमेदीची वर्षं घालवली. त्यामुळे माझी उत्तरं काटा, कसोटी आणि कायदा यांच्यातच फिरतात. दहा वर्षांनी सोनं कुठे असेल हे मला विचारू नका. ते कळत असतं तर हे सदर लिहीत बसलो नसतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. रिझर्व्ह बँकेने काढलेली सोन्याची स्मारक नाणी क्रमवार जमवावीत असं मनात आहे. त्यांची यादी कुठे मिळेल? व्हॉट्सअॅपवर एक जण 'रिझर्व्ह बँक अधिकृत' असं लिहून मर्यादित संख्येतलं सोन्याचं नाणं देऊ करतो आहे. आधी नोंदणी शुल्क मागतो. — व. ग., पुणे

उत्तर : गुरुजी, यादी मिळणार नाही, कारण रिझर्व्ह बँक सोन्याची नाणी काढतच नाही. आपल्याकडे नोटा रिझर्व्ह बँकेच्या आणि नाणी भारत सरकारची, अशी वाटणी आहे. एक रुपयाची नोटसुद्धा सरकारचीच. तिच्यावर गव्हर्नरांची नाही, अर्थसचिवांची सही असते. पाहिली असेल, पण वाचली नसेल. नाणी पाडायचा अधिकार २०११ च्या नाणे कायद्याने केंद्र सरकारकडे आहे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथल्या टांकसाळी ती पाडतात आणि रिझर्व्ह बँक फक्त चलनात आणते.

स्मारक नाणी निघतात, पण तीही सरकारची. नव्या संसद भवनाच्या निमित्ताने २०२३ साली ७५ रुपयांचं नाणं निघालं, ते ३५ ग्रॅमचं आणि त्यात निम्मी चांदी. ही नाणी गल्ल्यात येत नाहीत. टांकसाळीकडे मागणी नोंदवून, छापील किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजून घ्यावी लागतात.

'मग ते गांधीजींचं सोन्याचं नाणं कुठलं?' असं तुम्ही विचारणार. ५ नोव्हेंबर २०१५ ला 'भारतीय सुवर्ण नाणं' या नावाने ५ आणि १० ग्रॅमची नाणी बाजारात आली. एका अंगाला अशोकचक्र, दुसऱ्या अंगाला गांधीजी, शुद्धता ९९९, हॉलमार्क केलेलं. सोनं चोख आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. पण त्याच्यावर रुपयांत किंमत नाही, म्हणजे ते चलन नव्हे. सरकारी शिक्क्याचं वळं म्हणा हवं तर. घ्यायला माझी हरकत नाही, फक्त ते 'रिझर्व्ह बँकेचं नाणं' म्हणून मांडू नका.

आता तो व्हॉट्सअॅपवाला. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेनेच पत्रक काढून सांगितलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही आणि तसा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. हा बाबा तेच नाव लावून नोंदणी शुल्क मागतोय. नंबर ब्लॉक करा. पैसे दिले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतात.

मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेसारख्या देशाच्या मुख्य बँकेच्या, सोन्याच्या नाण्याचाच ध्यास असेल तर परदेशाकडे बघावं लागेल. योगायोगाने पुढचं पत्र तिथलंच आहे.

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, सध्या नोकरीनिमित्त स्टुटगार्टला. इथल्या नाण्यांच्या दुकानात २००१ सालचा सोन्याचा एक मार्क पाहिला, त्यावर 'एफ' हे अक्षर आहे. दुकानदार म्हणतो, पाच वेगवेगळ्या अक्षरांचा संच घे. संग्रहाची सुरुवात याने करू का? पुढे भारतात आणता येईल का? — नि. शि., स्टुटगार्ट

उत्तर : सुरुवात जरूर करा. मध्यवर्ती बँकेने स्वतःच्या नावाने काढलेलं स्मारक नाणं कसं असावं, याचा मला माहीत असलेला सगळ्यात देखणा नमुना हाच आहे.

जर्मनीतही वाटणी आपल्यासारखीच : नोटा बुंडेसबँक या तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, नाणी संघराज्य सरकारची. १ जानेवारी २००२ पासून युरोच्या नोटा आणि नाणी येणार, मार्क जाणार हे ठरलं. १९४८ पासून लोकांच्या खिशात असलेल्या मार्कला निरोप द्यायचा म्हणून एक खास कायदा करून बँकेला हे एकच सोन्याचं नाणं काढायची मुभा मिळाली. २६ जुलै २००१ ला ते बाहेर पडलं. ९९९.९ शुद्धतेचं १२ ग्रॅम सोनं, एकूण १० लाख नग.

दुकानात पुन्हा गेलात की नेहमीचा जुना एक मार्क मागून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. तीच ओकची पानं, तोच गरुड, तोच २३.५ मिलिमीटर व्यास. मग गरुडाच्या कडेची अक्षरं वाचा. जुन्यावर जर्मन संघराज्याचं नाव आहे, सोन्याच्यावर 'डॉइचे बुंडेसबँक'. आणि दोन्ही तळहातांवर एकेक घ्या. जुना साडेपाच ग्रॅमचा, हा बाराचा. एवढ्याशा चकतीने हात खाली जातो, तेव्हा सोनं म्हणजे काय ते डोळ्यांआधी मनगटाला कळतं.

त्या अक्षरांचं असं आहे. ती टांकसाळींची : 'ए' बर्लिन, 'डी' म्युनिक, 'एफ' स्टुटगार्ट, 'जी' कार्ल्सरूहे, 'जे' हॅम्बुर्ग. प्रत्येकीने दोन-दोन लाख नग पाडले. म्हणजे संख्येने कुठलंच अक्षर दुर्मिळ नाही. दुकानदाराला पाच नग खपवायचे आहेत, तो संचच म्हणणार! तुम्ही राहता त्या गावच्या टांकसाळीचं नाणं समोर आहे, ते एक घ्या आणि उरलेले पैसे पुढच्या नाण्याला ठेवा. शिवाय मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी-शहरं आहेत, तेव्हा 'एफ'च्या नाण्यावर आपलाही थोडा हक्क पोहोचतो असं मी मानतो.

किती द्यायचे? बारा ग्रॅम शुद्ध सोन्याचा त्या दिवशीचा भाव मोबाइलवर काढा. तो झाला धातूचा पैसा. त्याच्यावर जे काही मागितलं जाईल तो छापेचा पैसा. १० लाख नग असलेल्या नाण्याच्या छापेला फार पैसे मोजू नयेत असं माझं मत आहे, कारण विकायला जाल तेव्हा समोरचा आधी धातूच मोजतो. मूळ डबी आणि कागद असेल तर थोडे जास्त द्या, पुढे उपयोगी पडतं. नाणं पुठ्ठ्यात शिवलेलं असेल तर वजन करू द्या म्हणून सांगा. 'नाही' म्हणाला तर निघून या. टंगस्टनची घनता जवळजवळ शुद्ध सोन्याएवढीच असते आणि वर सोन्याचा मुलामा दिला की नुसत्या काट्यावर फसायला होतं. म्हणून नाव असलेला दुकानदार आणि पावती हवीच.

गंमत म्हणून सांगतो. बुंडेसबँक जुने मार्क आजही बदलून देते, १.९५५८३ मार्काला एक युरो हा ठरलेला दर. त्या हिशेबाने तुमच्या बारा ग्रॅम सोन्याची दर्शनी किंमत अर्ध्या युरोच्या आसपास. म्हणजे एक कप कॉफीही नाही.

भारतात आणता येईल, पण कस्टमला सांगून आणि शुल्क भरून. बायकामाणसांना आणि पुरुषांना दागिन्यांची ठरावीक सवलत असते, ती नाण्यांना लागू नाही. दर वरचेवर बदलतात, निघण्याआधी पाहून घ्या आणि लाल मार्गिकेतून या. खिशात घालून हिरव्या मार्गिकेतून निघालात तर नाणं तिथेच राहील. तिकडेच विकायचं झालं, तर एक वर्षाहून जास्त काळ स्वतःजवळ ठेवलेल्या सोन्याच्या नफ्यावर जर्मनीत खासगी व्यक्तीला कर नाही, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : सोन्याच्या नाण्यावर किंमत छापलेली असली तर ते जास्त सुरक्षित ना? भाव पडला तरी तेवढे पैसे बँक देईलच. — प्र. दे., नागपूर

उत्तर : कागदावर बरोबर, व्यवहारात बहुधा निरुपयोगी. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँड १९६७ पासून निघतं. ते पाडणारी टांकसाळ तिथल्या रिझर्व्ह बँकेच्या मालकीची आहे. नाण्यावर किंमत मुळीच नाही, फक्त 'एक औंस शुद्ध सोनं' (औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम) असं लिहिलेलं, तरीही ते कायदेशीर चलन आहे. ऑस्ट्रियाच्या फिलहार्मोनिकवर १०० युरो छापलेत (तिथलीही टांकसाळ मध्यवर्ती बँकेचीच), पण एक औंस सोनं त्या किमतीला कुणी देईल का? छापील आकडा असा खालीच पडून राहतो.

तो वर चढला की काय होतं, हे जपानमध्ये दिसलं. सम्राट हिरोहितोंच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून १९८६ साली जपान सरकारने एक लाख येनचं नाणं काढलं. आत २० ग्रॅम शुद्ध सोनं, त्याची बाजारातली किंमत छापील किमतीच्या निम्म्याहूनही कमी. मग नकला करणाऱ्यांना सोन्यात भेसळ करायची गरजच काय? खऱ्या सोन्याची खोटी नाणी पाडली, युरोपातल्या व्यापाऱ्यांकरवी जपानात पाठवली आणि बँकांत भरून दर नगामागे लाख येन उचलले. १९९० साली हे उघडकीला आलं, तेव्हा खोट्या नगांची संख्या लाखावर गेली होती. कसोटीवर घासा, काट्यावर टाका, माझ्यासारख्या व्हॅल्युअरने ते डोळे मिटून पास केलं असतं. देशपांडे असाल वा देशमुख, किमतीचा आकडा बघून नाणं घेऊ नका.

प्रश्न : आमच्या आजेसासूबाईंच्या तीन गिन्न्या माझ्याकडे आल्या. दोन सुट्या, एकीला कडी लावलेली. सराफाच्या काट्यावर सुट्या ७.९८ आणि ७.९५ भरल्या, कडीची ८.४१. एका सुट्या नाण्यावर १९१८ साल आहे आणि घोड्याच्या खाली बारीक उभी रेघ दिसते, ती चीर आहे का? मुलगा टोरांटोला असतो, पुढच्या खेपेला तिन्ही त्याच्याबरोबर द्याव्यात म्हणते. नको असं सूनबाईचं मत, 'विकून टाका' म्हणते. — एक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : ताई, भिंग घ्या. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या आकड्यांच्या वर, मधोमध ती रेघ आहे ना? वर-खाली बारीक आडव्या कडा दिसल्या तर ती चीर नव्हे, रोमन लिपीतलं 'आय' हे अक्षर आहे. 'आय' म्हणजे इंडिया. तुमची गिन्नी विलायतेत नव्हे, मुंबईत फोर्टातल्या टांकसाळीत पाडलेली आहे.

पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण झाली. रुपये पाडायला चांदी पुरेना, सोनं मात्र हाताशी होतं. तेव्हा मुंबईच्या टांकसाळीतच लंडनच्या रॉयल मिंटची शाखा उघडली. ती चालू होईपर्यंत आधी १५ रुपयांच्या सोन्याच्या मोहरा पाडल्या, कारण त्या वेळी एका पौंडाचा दर १५ रुपये धरलेला होता. त्या सुमारे २१ लाख निघाल्या. मग सॉव्हरिन, म्हणजे आपली गिन्नी, सुमारे १३ लाख. सगळ्यांवर साल एकच, १९१८. युद्ध संपलं आणि १९१९ मध्ये शाखाही बंद झाली. एवढ्याच काळाचा हा माल, म्हणून जमवणारे तो शोधत असतात. (२०१३ पासून हरियाणातल्या एका कारखान्यात रॉयल मिंटच्या परवान्याने पुन्हा 'आय' खुणेच्या गिन्न्या निघाल्या, त्यांची आणि हिची गल्लत करू नका. साल बघितलं की झालं.)

आता वजनं. कोरी गिन्नी ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरेट, आत शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. वापरून झिजलेली गिन्नी ७.९३८ च्या खाली गेली की इंग्रजी कायद्याने ती चलनातून बाद व्हायची. तुमच्या दोन्ही सुट्या त्या हद्दीच्या आत आहेत, म्हणजे तब्येतीने छान आहेत. कडीची ८.४१ भरली, ती जास्त सोनं म्हणून नव्हे. त्यात कडी आली, डाख (जोडाचा धातू) आला आणि गळ्यातली झीज वजा झाली. डाखाचं टंच, म्हणजे शुद्धता, कमी असतं, म्हणून सराफ घट धरणार आणि ते चुकीचं नाही. कडी काढून टाकावी का, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, काढू नका. डाखाचा डाग राहतोच, जमवणारा तो लगेच ओळखतो आणि वर कामाची मजुरी जाते. ती दागिना म्हणूनच घाला.

सुट्यांची परीक्षा घरी करता येईल. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळतो. त्याच्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्य करा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल असं सोडा. तळाला किंवा काठाला टेकता कामा नये आणि अंगाला बुडबुडा चिकटलेला नको. काट्यावर ०.४५ ते ०.४६ दिसलं तर घनता २२ कॅरेटला जुळते. पितळेचं किंवा मुलाम्याचं असलं तर आकडा बराच वर जातो. पण यावर पूर्ण विसंबू नका. १९५०-६० च्या सुमारास बैरूतकडे पुऱ्या वजनाच्या, खऱ्या सोन्याच्या नकली गिन्न्या भरपूर पाडल्या गेल्या. त्या पाण्याची परीक्षा उत्तीर्ण होतात आणि सापडतात त्या भिंगाखाली : राजाच्या दाढीचे केस मऊ, लोण्यात उमटवल्यासारखे, काठाची दातेरी ओबडधोबड. नाणे प्रदर्शनात बसणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवा, पण नाणं त्याच्या हातात देऊन चहाला जाऊ नका.

मुलाबरोबर पाठवायचं म्हणता, तिथे मात्र माझा सक्त नकार. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांचं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमची १९१८ ची गिन्नी २०१८ सालीच त्यात गेली. उरलेल्या दोन्हींची सालं मी पाहिलेली नाहीत, पण आजेसासूबाईंच्या म्हणजे तीच शक्यता जास्त. 'एवढंसं तर आहे, पर्समध्ये जाईल' असं कुणी म्हणेल. पकडलं तर सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि विमानतळावर आईची आठवण सांगून कुणी सोडत नाही. मुलाच्या नावे इथल्याच लॉकरात ठेवा. तो आला की बघेल.

विकायची झाली तर कडीची सराफाकडे आणि १९१८ ची जमवणाऱ्याकडे, असं वेगळं विका. सगळ्या एकदम सराफाच्या काट्यावर ओतल्या तर मुंबईच्या छापेचा एक पैसाही हाती येणार नाही, गिन्नी आटवून तिची बांगडी होईल. कराचं म्हणाल तर वारशाने आलेल्या, २००१ च्या आधीच्या सोन्याला १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते आणि वरच्या नफ्यावर सध्या साडेबारा टक्के. पैसे चेकने घ्या.

सूनबाईंना एवढंच सांगा की घाई नाही.

थोडक्यात

*म. ज., मिरज :* चिंच, रिठा, टूथपेस्ट, लिंबू, काहीही नको. घासलेलं नाणं चकचकीत दिसतं आणि जमवणाऱ्याच्या लेखी मेलेलं असतं. साधं पाणी, मऊ सुती कापडाने टिपून घेणं, बस्स.

*अ. रा., ठाणे :* त्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून नाणी आजच बाहेर काढा. पीव्हीसी कालांतराने चिकट होतं. तांब्याचा अंश असलेल्या २२ कॅरेटच्या नाण्यांवर त्याचे हिरवट डाग धरतात.

*सु. पा., मडगाव :* चीनच्या मध्यवर्ती बँकेचं पांडा १९८२ पासून निघतं आणि चित्र जवळजवळ दरवर्षी बदलतं, म्हणून ते जमवायला मजा येते. २०१६ पासून वजन औंसाऐवजी ग्रॅममध्ये, एक औंसाच्या जागी ३० ग्रॅमचं. जुन्या-नव्याचा भाव काढताना हा एक ग्रॅमहून जास्तीचा फरक विसरू नका. नकला मात्र उदंड.

*बँकेतून सोन्याचं नाणं घेतलेले तिघे :* होय, बँक विकते, परत घेत नाही. घेताना हे विचारायचं असतं. सराफाकडे न्या, सीलबंद पाकीट त्याच्या समोरच फोडा.

*कु. स. मा., इयत्ता आठवी, सोलापूर ('सोन्याला पैसे नाहीत, तरी नाणी जमवता येतील का?') :* येतील की. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, मुंबईत फोर्टात सर फिरोजशहा मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचं मुद्रा संग्रहालय आहे. सहलीला गेलात तर बाईंना तिकडे न्यायला सांग. तोवर घरातली दहा रुपयांची नाणी गोळा कर. सालाच्या खाली बघ. पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. कुठल्या टांकसाळीची किती निघाली ते मांडून मला पाठव. वहीच्या पानावर पाठवलंस तरी चालेल.